फुलं येतात, फळ धरत नाही: खत घालण्याआधी फूल तपासा

श्रावण लागला की हा प्रश्न ठरलेलाच. माटोळीला (चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या फळांच्या चौकटीला) बांधायला घरच्या वेलाचं तवसं (मोठी काकडी) हवं, दोडका हवा, कोहळा हवा. मांडवावर पिवळ्या फुलांचा नुसता सडा, आणि फळ एकही नाही. पौषात तोच प्रश्न भिरंडीच्या (कोकमाच्या) झाडाबद्दल येतो, उन्हाळ्यात सीताफळाबद्दल, आणि गच्चीवर चढवलेल्या पॅशन फ्रूटबद्दल तर वर्षभर. उपायही ठरलेले असतात. कोणी मूठभर युरिया टाकतो, कोणी दुकानातून फूल टिकवणारं टॉनिक आणतो, कोणी खोडात खिळा ठोकतो. एवढं करून फळ आलं नाही की दोन-तीन वर्षांनी झाडावर कोयता चालतो.

यातल्या बऱ्याच झाडांना काहीही झालेलं नसतं. झाड निरोगी असतं, वेळेवर फुलतं, फक्त स्वतःचे परागकण स्वतः घेत नाही. त्याला दुसऱ्या झाडाचे पराग हवे असतात आणि ते त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. हे एकदा कळलं की उपाय सहसा फुकटात होतो. म्हणून आधी फूल उघडून बघा, मग खताच्या पिशवीकडे वळा.

झाड स्वतःला का टाळतं

एकाच फुलात पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही दिसले की आपण धरून चालतो, घरचं घरात जमेल. निसर्गात बहुतेक ठिकाणी हे जमू नये अशीच तजवीज असते. स्वतःच्याच परागांनी पिढ्यान् पिढ्या बी धरत गेलं की दडलेले दोष वर येतात. रोपं खुजी, बी हलकं, उगवण कमी. चार्ल्स डार्विनने अनेक जातींची झाडं दोन्ही तऱ्हेने वाढवून, शेजारी शेजारी लावून, मापं घेऊन १८७६ साली हे मांडलं: परपरागणातून, म्हणजे दुसऱ्या झाडाच्या परागातून, आलेली रोपं बहुतेक जातींत उंच आणि जास्त बी देणारी निघाली. त्याच्याही आधी, १७९३ मध्ये, जर्मनीतल्या ख्रिस्तियान श्प्रेंगेलने बारकाईने नोंदवलं होतं की कित्येक फुलांत पराग आणि कुक्षी (स्त्रीकेसराचं पराग घेणारं टोक) एकाच वेळी तयार होतच नाहीत.

टाळण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. नर आणि मादी फुलं वेगळी. नर आणि मादी झाडंच वेगळी. दोन्ही अवयव एका फुलात, पण वेळ वेगळी. वेळ तीच, पण मध्ये आडपडदा. आणि शेवटी सगळं जुळूनही रसायनाच्या पातळीवर ओळख पटवून स्वतःचा पराग अडवणं. तुमच्या झाडाची तऱ्हा कुठली, तेवढं शोधायचं आहे.

पहिली तपासणी: गळलेलं फूल उचला

झाडावर बघण्याआधी झाडाखाली बघा. गळलेली दहा-वीस फुलं गोळा करा, दाढीच्या पात्याने देठापासून टोकापर्यंत उभी चिरा आणि साध्या हातभिंगातून पाहा. तीन गोष्टी शोधायच्या: पाकळ्यांच्या तळाशी फुगीर अंडाशय आहे का, मध्ये कुक्षी आहे का, आणि परागकोशावर बोट लावलं तर पिवळी पूड लागते का.

अंडाशयच नसेल तर ते नर फूल आहे. ते गळणारच, त्याचं काम झालेलं आहे. अंडाशय आहे पण तो न वाढता पिवळा पडून गळतोय, तर बहुधा पराग पोचलेला नाही, किंवा पोचला तो नाकारला गेला. फळ सुपारीएवढं होऊन मग गळत असेल तर परागण झालेलं असतं. तिथे पाणी, अन्न, कीड, रोग शोधा. पाकळ्यांवर पांढरी भुकटी किंवा मोहरावर काळा चिकटा दिसला तर ते भुरीचं आणि तुडतुड्यांचं काम आहे. आंब्याच्या मोहरात हे दोघे फार नुकसान करतात आणि त्याचा पुढच्या मजकुराशी संबंध नाही.

तवसं, दुधी, दोडका, कोहळा

या वेलांवर नर आणि मादी फुलं वेगळी, पण वेल एकच. ओळखायला सोपं आहे: मादी फुलाच्या मागे चिमुकलं फळ आधीच असतं, नर फूल नुसत्या बारीक देठावर. आधी नर फुलं येतात, मादी आठ-पंधरा दिवस मागून. म्हणजे पहिल्या दोन आठवड्यांत फळ नाही म्हणून घाबरायचं कारणच नाही. युरिया मात्र हात आखडूनच द्या. नत्र जास्त झालं की पाला माजतो आणि नर फुलांचं प्रमाण आणखी वाढतं.

मादी फुलं आली आणि तरी फळ पिवळं पडतंय, तर पावसाकडे बोट दाखवा. झोडपणाऱ्या पावसात मधमाशी बाहेर पडत नाही आणि भिजलेले परागकण फुटून निकामी होतात. फूल एका दिवसाचंच. ती वेळ हुकली की त्या फळाची संधी गेली.

उपाय हातानेच करायचा. ताजं नर फूल खुडा, पाकळ्या सोलून काढा, मधला पिवळा दांडा मादी फुलाच्या तीन पाळ्यांच्या कुक्षीवर सगळीकडून हलकेच फिरवा. एक नर फूल दोन-तीन मादी फुलांना पुरतं. सगळ्या पाळ्यांना पराग लागला पाहिजे, नाहीतर तवसं एका बाजूने फुगतं आणि दुसरीकडे आखडतं. वाकडं फळ हे अर्धवट परागणाचं लक्षण आहे.

वेळ चुकली तर मात्र मेहनत फुकट. तवसं, भोपळा, कोहळा आणि गुळगुळीत पारोसा (घोसाळं) सकाळी उमलतात, तेव्हा आठ-नऊच्या आत काम संपवा. दुधीची पांढरी फुलं आणि शिरांच्या दोडक्याची पिवळी फुलं संध्याकाळी उमलतात, कारण त्यांची गाठ पतंगांशी असते. सकाळी दहा वाजता दुधीच्या कोमेजल्या फुलाला पराग लावणारे मी बरेच पाहिले आहेत. दुधीचं काम दिवेलागणीला करायचं. रात्री पावसाचा रंग दिसत असेल तर परागण झालेल्या फुलावर कागदाची टोपी बांधा, सकाळी काढा.

भिरंड, जायफळ, पपई, फागलां

इथे झाडच नर किंवा मादी. गोव्यातल्या कुळागरांत (सुपारी-नारळाच्या मिश्र बागांत) सर्वांत जास्त निराशा याच गटात होते, कारण वाट बघण्याची वर्षं मोठी असतात. भिरंडीचं बियाण्याचं रोप सहा-सात वर्षांनी पहिल्यांदा फुलतं आणि तोवर ते नर की मादी हे कोणी सांगू शकत नाही. बियाण्याच्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. पानांवरून, सालीवरून, रोपाच्या उंचीवरून ओळख सांगणाऱ्यांवर विश्वास ठेवू नका.

फूल आलं की मात्र शंका राहत नाही. भिरंडीची नर फुलं घोसाने येतात आणि मध्ये पुंकेसरांचा दाट गोळा असतो. मादी फुलात मध्ये हिरवा गोल अंडाशय आणि त्यावर चिकट, खाचांची कुक्षी दिसते. जायफळाचं नर फूल सडपातळ, मादी तळाशी फुगीर, बुटक्या सुरईसारखं.

यावरून चार परिस्थिती होतात. परसात एकच झाड आहे आणि ते नर आहे: ते तोडू नका, त्यावर मादी झाडाची काडी बांधा. झाड कमरेच्या उंचीवर छाटून नव्या फुटव्यांवर मृदकाष्ठ कलम (कोवळ्या फुटव्यावर काडी बांधून केलेलं कलम) करता येतं, आणि जुन्या मुळांच्या जोरावर नव्या रोपापेक्षा लवकर फळ मिळतं. एकच झाड आहे आणि मादी आहे, आसपास नर नाही: एखादी फांदी नराची बांधून घ्या, तेवढी पुरते. दोन्ही आहेत पण फळ कमी: नर झाड किती लांब आणि मध्ये काय अडथळा, ते बघा. आणि चौथी, जी मला सर्वांत जास्त खटकते: नर झाडं फळ देत नाहीत म्हणून कोणीतरी सगळी तोडून टाकलेली असतात आणि पुढच्या वर्षी मादी झाडंही रिकामी जातात. जायफळाच्या बागेत दहा मादी झाडांमागे एक नर ठेवतात; भिरंडीलाही हाच हिशेब चालतो.

नवीन लागवड करणार असाल तर बी पेरू नका, कलमं घ्या. भिरंडीत दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या कोकण अमृता आणि कोकण हातीस या जातींची कलमं मिळतात. जायफळाचं कलम घेताना काडी उभ्या वाढणाऱ्या शेंड्याची आहे ना, ते विचारा. आडव्या फांदीची काडी असेल तर झाड आयुष्यभर आडवंच पसरतं.

पपईत तीन प्रकार: नर, मादी आणि द्विलिंगी. नर झाडावर लांब लोंबत्या तुऱ्यांत बारीक फुलं असतात. मादी फूल खोडाला चिकटून, मोठं आणि तळाशी गोल. द्विलिंगी फूल लांबट, आत पुंकेसरही असतात आणि फळही लांबट येतं. जुन्या नर-मादीच्या वाणांचं बी लावायचं तर एका खड्ड्यात तीन-चार रोपं लावा, फुलल्यावर एक ठेवा आणि दहा मादींमागे एक नर राखा. तैवान ७८६ सारख्या वाणांत नर निघत नाही. तिथे द्विलिंगी झाडं ठेवावीत. खिळ्याबद्दल स्पष्ट सांगतो: खिळा ठोकून नराची मादी होत नाही. पपईचं लिंग गुणसूत्रांनी ठरतं. काही नर झाडं हवामान बदललं की स्वतःहून लांब देठावर दोन-चार फळं धरतात, आणि त्याचं श्रेय खिळ्याला मिळतं. झाडाला जखम मात्र खरी होते आणि त्यातून बुरशी शिरते.

पावसाळ्यातल्या फागलांचंही (कर्टुल्यांचंही) तेच. नर वेल लवकर फुलतो, मादी उशिरा, आणि फुलं संध्याकाळनंतर उमलतात. मादी फुलाखाली काटेरी गोळी असते. मादी वेलाचा कंद ओळखून खूण करून ठेवा, पुढच्या वर्षी त्याचेच कंद लावा, आणि एक नर वेल मुद्दाम जगवा.

सीताफळ आणि वेळेचं गणित

सीताफळाच्या फुलात दोन्ही अवयव आहेत, फूल स्वतःचा पराग घ्यायला तयारही आहे, तरी झाड फुलांनी लगडून फळं चारच. कारण कुक्षी आधी पिकते, पराग नंतर सुटतो. पाकळ्या किंचित फाकलेल्या असतात तेव्हा फूल मादी अवस्थेत असतं, आतला कोन ओलसर चमकतो. पाकळ्या पूर्ण पसरतात आणि पुंकेसर करडे होऊन सुटे होतात तेव्हा कुक्षी वाळलेली असते. हे काम करणारे बारीक भुंगेरे असतात. ते अर्धवट उघडलेल्या फुलात शिरतात. मधमाशी इथे कामाची नाही.

पहाटे पूर्ण उमललेली फुलं खुडून कागदावर झटका, पूड मऊ ब्रशने उचला आणि लगेच किंचित फाकलेल्या फुलांत आत, कोनाभोवती फिरवा. सगळ्या बाजूंनी फिरवणं महत्त्वाचं, कारण सीताफळाचा प्रत्येक डोळा हा वेगळा स्त्रीकेसर असतो. ज्या बाजूला पराग लागला नाही तिथे डोळा भरत नाही आणि फळ वाकडं होतं. उन्हाची झळ असलेल्या दिवसांत कुक्षी लवकर वाळते, तेव्हा बुंध्याशी पाणी आणि पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवलं की फरक दिसतो.

अव्होकाडो लावण्याची सध्या हौस आहे, म्हणून दोन ओळी. त्याचं प्रत्येक फूल दोनदा उमलतं, एकदा मादी म्हणून आणि दुसऱ्या दिवशी नर म्हणून. अ गटाची झाडं सकाळी मादी, दुसऱ्या दिवशी दुपारी नर. ब गटाची दुपारी मादी, दुसऱ्या दिवशी सकाळी नर. दोन गटांतलं एकेक लावलं की वेळा जुळतात. दोन्ही एकाच गटातली असतील तर फळाची खात्री नाही.

माडाची आणि पोफळीची गोष्ट वेगळी नाही. उंच माडाच्या पोयीत (फुलोऱ्यात) आधी नर फुलं दोन-तीन आठवडे उमलून संपतात, मग त्याच पोयीतली मादी बोंडं पराग घ्यायला तयार होतात, म्हणून पराग सहसा शेजारच्या माडाचा लागतो. बाणावलीचा माड उंच जातीतला. आपल्याकडे एकमेकांना लागून इतके माड असतात की ही अडचण क्वचितच येते. बुटक्या जातींत दोन्ही वेळा एकमेकांत मिसळतात, त्यामुळे तो एकटाही धरतो. बोंडांची थोडीबहुत गळ प्रत्येक पोयीत होणारच, तेवढ्यावरून औषध शोधू नका.

पॅशन फ्रूट, ड्रॅगन फ्रूट: एका वेलाच्या दहा काड्या

हा भाग नीट वाचा, कारण इथे फूल चिरून काहीच कळत नाही. पिवळ्या पॅशन फ्रूटच्या फुलात पराग भरपूर, कुक्षी ठणठणीत, भुंगेही येतात, तरी फूल गळतं. हा वेल स्वतःचा पराग ओळखतो आणि त्याला बीजांडापर्यंत जाऊ देत नाही. अशा वनस्पतींत पराग कुक्षीवर पडला की त्याच्यावरची जनुकीय खूण तपासली जाते. वांग्याच्या कुळातल्या शोभेच्या तंबाखू, पिटुनियासारख्यांत पराग रुजतो, त्याची नळी कुक्षीवृंतात (कुक्षीखालच्या दांड्यात) उतरते आणि खूण आपलीच निघाली तर वाटेतच तिची वाढ थांबवली जाते. मुळा-कोबीच्या कुळात तो कुक्षीवरच अडतो. तिथे त्याला पाणीच मिळत नाही आणि तो रुजत नाही.

आता यातली मेख. शेजाऱ्याने दिलेल्या काडीपासून तुम्ही वेल केला, तुमच्याकडून बहिणीने काडी नेली, तिच्याकडून आणखी कोणी. वाड्यावर दहा वेल झाले, पण जनुकांच्या दृष्टीने तो एकच वेल आहे. दहा वेल एकमेकांचा पराग नाकारणार. कितीही ब्रश फिरवला तरी उपयोग नाही. दुसऱ्या गावच्या, वेगळ्या मुळाच्या वेलाची काडी आणा, किंवा बियाण्यापासून दोन-तीन रोपं करा. बाजारातल्या वेगवेगळ्या फळांचं बी घेतलंत तर उत्तम. जांभळं फळ देणारा प्रकार बहुधा स्वतःचा पराग घेतो, त्याला ही अडचण नाही.

वेगळा वेल असूनही फळ नसेल तर फूल केव्हा उमलतं आणि कोण येतं, ते बघा. पिवळ्या प्रकाराचं फूल भर दुपारी उमलतं. सुरुवातीला त्याचे तीन कुक्षीवृंत वर उभे असतात, मग हळूहळू खाली वाकून परागकोशांच्या पातळीला येतात. छोटी मधमाशी खालून पराग गोळा करून जाते, तिची पाठ कुक्षीला लागतच नाही. काम होतं ते मोठ्या काळ्या भुंग्याकडून. हाताने करायचं तर वृंत वाकल्यावर, दुपारी एक ते चारच्या दरम्यान, एका वेलाचा पराग दुसऱ्याच्या तिन्ही कुक्षींवर लावा. त्यानंतर तास-दोन तास पाऊस पडला नाही पाहिजे.

ड्रॅगन फ्रूटमध्ये पांढऱ्या गराचे बरेच प्रकार स्वतःचा पराग घेतात, लाल गराच्या बऱ्याच प्रकारांना दुसऱ्याचा लागतो. फूल रात्री उमलतं आणि सकाळी ऊन चढलं की मिटतं. रात्री नऊनंतर किंवा उजाडण्याआधी पराग लावा. दोन वेगळे प्रकार एकाच रात्री फुलले नाहीत तर पहिल्याचा पराग कागदाच्या पुडीत, झाकणाच्या डबीत, फ्रिजमध्ये काही दिवस ठेवता येतो.

आंब्यात उत्तरेकडचे दशहरी, लंगडा, चौसा स्वतःच्या परागाने नीट धरत नाहीत हे पक्कं आहे. आपल्याकडे मानकुरादच्या बागेत कडेचा रायवळ आंबा अडगळ म्हणून तोडण्याची घाई होते. मी म्हणेन, ठेवा. त्याच्या मोहरावर माश्या येतात, वेगळा पराग मिळतो, आणि रायवळाच्या परागाने मानकुरादच्या गराची चव बदलत नाही. गर आईच्या झाडाचाच असतो, बदल झाला तर तो बाठ्यातल्या रोपात.

वांगी, करमळं, व्हॅनिला

आगशीच्या वांग्याचं रोप फुललं आणि निम्मी फुलं गळली तर ती फुलं बाजूने बघा. काही फुलांत कुक्षी परागकोशांच्या बाहेर डोकावते, काहींत बरोबरीने असते, काहींत आत दडलेली असते. पहिल्या दोन प्रकारांत फळ धरतं, आखूड कुक्षीचं फूल गळतंच. अशी फुलं फार वाढली तर रोप उपाशी किंवा थकलेलं आहे, तिथे खत आणि पाणी खरंच कामाला येतं. वांग्याचा पराग परागकोशाच्या टोकाच्या बारीक भोकातून सुटतो, फुलाला लटकून गुणगुणणाऱ्या माशीने हादरा दिल्याशिवाय तो नीट पडत नाही. माश्या नसतील तर सकाळी फुलाच्या देठाला बोटाने टिचक्या मारा.

गोडसर-आंबट, पाच कंगोऱ्यांच्या करमळांत (कमरखांत) झाडंच दोन तऱ्हेची असतात: एकावर सगळी फुलं लांब कुक्षीवृंताची, दुसऱ्यावर सगळी आखूड. लांबाला आखूडाचा पराग आणि आखूडाला लांबाचा पराग चांगला लागतो. एकट्या झाडावर फळ विरळ असेल तर शेजारी दुसऱ्या तऱ्हेचं लावा.

कुळागरात सुपारीवर चढवलेल्या व्हॅनिलाला स्वतःचा पराग चालतो. फक्त पराग आणि कुक्षी यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो. १८४१ मध्ये रेयुनियों बेटावर एडमंड आल्बियस या बारा वर्षांच्या गुलाम मुलाने काडीने तो पडदा वर उचलून अंगठ्याने पराग दाबायची रीत शोधली. आजही जगभर तीच वापरतात. फूल एका सकाळचंच, दुपारपर्यंत काम व्हायला हवं.

सगळं ठीक, पण माशीच नाही

केळी आणि नीरफणस यांना परागाची गरजच नाही, तोंडलीही नर वेलाशिवाय धरते; त्यांचं फळ अडलं तर कारण दुसरं. फणसाच्या झाडाखाली काळी पडून कुजलेली बारीक कणसं दिसली की रोग आला म्हणून फवारणी होते. ती बहुतेक नर कणसं असतात, पराग सोडून झाला की गळणारी.

बाकी झाडांना माशी लागते. फुलोऱ्यात कीटकनाशक मारू नका. मारावंच लागलं तर त्या झाडाची फुलं मिटल्यावर, मधमाश्या पोळ्याकडे परतल्यावर मारा. मांडवाचे वाळके बांबू लगेच जाळू नका, मोठे भुंगे त्यातच घरं करतात. सातेरी मधमाश्यांची पेटी ठेवता आली तर फार चांगलं. जमत नसेल तर तुळस आणि सब्जा फुलू द्या, मंजिऱ्या लगेच खुडू नका.

उलटी अडचण: बी धरायचं आहे, पण संकर नको

सात शिरांची भेंडी घरच्या बियाण्यावर टिकवणाऱ्यांना परपरागण नको असतं. भेंडी स्वतःच्या परागाने सहज धरते, पण मधमाशी शेजारच्या संकरित भेंडीचा परागही आणून ठेवते आणि दोन-तीन वर्षांत शिरा पाच होतात. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी कागदी पिशवीत बांधा, उमलून मिटली की पिशवी काढा आणि देठाला दोरा बांधून ठेवा. बी त्याच भेंडीचं घ्या. वांग्यालाही हेच करा.

शेवटचा प्रश्न दरवर्षी येतो: दुधीशेजारी कारलं लावलं म्हणून दुधी कडू झाला का? नाही. दुधी आणि कारलं यांचा संकर होत नाही, आणि कुठलाही पराग चालू हंगामातल्या फळाच्या गराला कडू करत नाही. दुधी कडू होतो तो त्याच्या स्वतःच्या कडू द्रव्यांमुळे, जी काही वेलांत बियाण्यातूनच येतात किंवा पाण्याचा ताण पडला की वाढतात. गेल्या हंगामात कडू रानदुधीचा पराग लागलेलं बी तुम्ही ठेवलं असेल, तर यंदाचा सगळा वेल कडू निघू शकतो. चिरल्यावर आधी एक चकती जिभेला लावून बघा. कडू लागली तर थुंकून टाका, शिजवून कडूपणा जात नाही आणि त्या दुधीचा रस जिवावर बेतू शकतो. तो वेल उपटून काढा आणि त्याचं एकही बी पुढच्या जूनसाठी ठेवू नका.